दीडच्या मालिकेतला हार

दुपारी दीड वाजता वसईच्या त्या आळीत कोणी कोणाकडे जात नसे. गेलंच तर टीव्ही बघायला. कारण दीडच्या मालिकेत आळीचीच सून होती, उन्नती. पडद्यावर ती सासूचा छळ सोसायची आणि संध्याकाळी घरी येऊन खऱ्या सासूच्या हातचा गरम भात जेवायची.

"यमुनाबाय, तुम्ही नाय का छळत सुनेला?" समोरची अँजेलिना विचारायची.

"वेळ कुठं मिळतो बाई? ती कंपनीच छळून पाठवते!"

उन्नतीचा नवरा हेमंत काविळीने गेला तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती. यमुनाबाईंचा तर तो एकुलता एक मुलगा. पण वर्ष सरल्यावर त्याच सुनेला म्हणाल्या, "भिंतीकडे बघत बसलीस तर भिंत तुला खाईल. लग्नाआधी नाटकात काम करायचीस ना? मग कर." अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. म्हणून तर पुढे जे झालं ते उन्नतीच्या जिव्हारी लागलं.

झालं असं. शूटिंग कळंबच्या एका बंगल्यात चालायचं. मालिकेत उन्नती सवाष्ण, त्यामुळे सकाळी गेल्या गेल्या कंपनीचं मंगळसूत्र गळ्यात पडायचं, चांगलं मोठमोठ्या वाट्यांचं. संध्याकाळी ते काढून द्यायचं. यमुनाबाईंच्या भाचीचं अर्नाळ्याला लग्न होतं त्याच दिवशी नेमकं काम लांबलं. उन्नतीने घाईघाईत साडी बदलली, तोंड धुतलं आणि सुधाकर साळसकरच्या गाडीतून मांडवात उतरली. हा सुधाकर म्हणजे मालिकेतला तिचा नवरा. भला माणूस, बायकोपोरांत रमणारा. लोकांनी आग्रह केला म्हणून पंगतीला बसला. गळ्यातलं मंगळसूत्र तेवढं काढायचं राहिलं. दिवसदिवसभर जे अंगावर असतं त्याचं कुणाला भान राहतं होय? जेवून हात धुताना तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने ते गपकन पर्समध्ये टाकलं. यमुनाबाई आत नवरीपाशी होत्या. त्यांना ती काही बोलली नाही. चुकलं ते तिथंच.

कारण तोवर फोटोग्राफरने डाव साधला होता. चारच दिवसांनी मुंबईच्या एका सायंदैनिकात पहिल्या पानावर फोटो. शेजारीशेजारी उन्नती आणि सुधाकर, समोर श्रीखंड-पुरी, आणि गळ्यात वाट्या चमकतायत. वर मथळा, 'दीडच्या सूनबाईंचं गुपचूप शुभमंगल!' मांडव कोणाच्या लग्नाचा, हे विचारायचे कष्ट कोण घेतो? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

यमुनाबाईंनी पेपर वाचला, घडी घातली.

"खोटं आहे हे मला कुणी सांगायला नको," त्या म्हणाल्या. "पण सकाळपासून बायका विचारतायत, सून उजवलीत, पेढे कुठंयत? त्यांना मी काय सांगू? हेमंतला जाऊन किती दिवस झाले ते त्यांना माहीत नाही का? ज्यांनी छापलं त्यांना तू सांग. दोन शब्द सांग."

उन्नती दुसऱ्या दिवशी निर्मात्याकडे गेली. भावेशभाई खुशीत होता.

"एक अक्षर बोलायचं नाय, बेन! अख्खी मुंबई आपली सिरियल बघते आता. अशी जाहिरात फुकटात मिळते काय?"

"आणि बोलले तर?"

"तर मग स्टोरीला वळण द्यावं लागेल."

या धंद्यात वळणाचा अर्थ एकच. लेखक लिहितो, गाडीला अपघात झाला. मग भिंतीवर फोटो लागतो, फोटोला हार चढतो, आणि नटीला त्यासाठी बोलवावंसुद्धा लागत नाही.

उन्नती घाबरली आणि गप्प बसली. तशी यमुनाबाईंनीही तिच्याशी बोलणं टाकलं. भात वाढायच्या, ताक वाढायच्या, पण तोंडातून शब्द नाही. पडद्यावरच्या सासूची बडबड परवडली, पण ही मुकी ताटं उन्नतीला गिळवेनात. शेवटी तिने पेपरवाल्यांना फोन लावला. "मंगळसूत्र कंपनीचं आहे," ती म्हणाली. "लग्नबिग्न काही नाही. मी माझ्या सासूबाईंजवळ राहते आणि तिथंच राहणार."

छापलं त्यांनी. खोटं पहिल्या पानावर आलं होतं, खरं आत आलं, राशिभविष्याच्या खाली, बोटभर. भावेशभाईने मात्र ते वाचलं, आणि स्टोरीला वळण लागलं. यमुनाबाईंनी तर तो पेपर बंदच केला होता. उन्नतीनेही पुढे केला नाही. दाखवून सांगायचं काय, की आई, तुमच्यापायी काम घालवलं?

त्याच आठवड्यात सेटवरचा सॅन्टन यमुनाबाईंच्या वाडीत आला. मालिकेतल्या पूजांना फुलं नेहमी त्यांच्याच वाडीतली जायची.

"मावशी, एक मोठा हार पायजे. फोटोसाठी."

"कोण गेलं रे मालिकेत?"

"मला काय माहीत," म्हणत त्याने मान फिरवली आणि स्कूटरचं हँडल पुसत बसला.

म्हातारे आजोबा असणार, यमुनाबाईंना वाटलं, बरेच दिवस खोकतायत बिचारे. त्यांनी मन लावून निशिगंधाचा हार गुंफला. खाली, त्यांच्या आईची पद्धत होती तसं, तुळशीची दोन पानं आणि एक सोनचाफा बांधला.

उन्नती आपलं सामान आणायला कळंबला गेली तेव्हा तो हार भिंतीवर चढला होता. चाफा बघून तिला रडू फुटलं. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, शूटिंगला थोडे दिवस सुट्टी आहे.

हार पडद्यावर आला तो पुढच्या आठवड्यात. अँजेलिना नेहमीसारखी येऊन बसली होती, उन्नती आत भांडी लावत होती. गाडीचा अपघात झाला, सगळे रडले, आणि मग भिंतीवरचा फोटो.

"जेजू!" अँजेलिनाने छातीवर क्रूस केला. "आपली उन्नती!"

यमुनाबाई चाफ्याकडे बघत होत्या. उठल्या, टीव्हीपर्यंत गेल्या, त्या हारावर हात ठेवला आणि मग टीव्हीच बंद केला.

"उन्नती!" इतक्या दिवसांतली ती पहिली हाक. "माझ्या हातानं घातला ग मी तुला हार! हेमंतला घातला होता तेवढा पुरे नव्हता का मला?"

"आई, खोटं आहे ते. मी आहे ना इथं."

"पण त्यांनी काढलं का तुला?"

उन्नती पदराने हातातलं भांडं पुसू लागली. शेवटी अँजेलिनाच म्हणाली, "तिनं पेपरात सांगितलं ना, लग्न खोटं म्हणून. राशिभविष्य बघताना मी वाचलं. मला वाटलं, तुम्ही पन वाचलं असेल."

यमुनाबाई तशाच स्वयंपाकघरात गेल्या. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आल्या. "बस इथं. पूर्वेला तोंड कर," म्हणाल्या आणि सुनेवरून मूठ ओवाळू लागल्या. आल्यागेल्याची, पेपरवाल्याची, कंपनीवाल्याची, शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि माझी." मग सगळं निखाऱ्यावर टाकलं.

खरी दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. इथे घरभर असा तिखट खाट उठला की अँजेलिना खोकत ओटीवर पळाली आणि उन्नतीने पदराने नाक दाबलं.

"बघ," यमुनाबाई खोकतखोकत, डोळे पुशीत म्हणाल्या, "जरासुद्धा ठसका नाही. केवढी लागली होती!"