सातवा वार

मंगळीचं लग्न मोडलं त्या साली भिवा कासाराच्या घरात रविवार येत नसे. लग्न नेमकं रविवारचं धरलं होतं. वऱ्हाड वाजतगाजत गल्लीत आलं, तर भिवाच्या घराच्या जागी एरंडाची झाडं. घर सापडेना म्हणून लग्न मोडलं, असं गाव म्हणे. वऱ्हाड परत जाताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

भिवा पाठीवर बांगड्यांची पेटी घेऊन आठवडी बाजार करी. सहा वारी सहा गावं. ज्या वारी मूल झालं, त्या वाराचं नाव मुलाला. सोमा, मंगळी, बुधा, गुरू, शुक्री, शन्या. नावं ठेवली ती धुरपदाने, भिवाच्या थोरल्या बहिणीने. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राही आणि आत्याचा मान तिचा होता. नावं पडली तसे वार पोरांचे झाले. सोमा उठला की सोमवार लागे. शन्या झोपला की शनिवार मिटे, आणि लगेच सोमा डोळे चोळत उठे. रविवार कुणाचाच नव्हता. शन्याच्या बारशानंतर तो घर सोडून गेला, त्याला सात वर्षं झाली.

धुरपदाला त्याचं वाईट वाटलं नाही. लहानपणी एका जोशाने तिचा हात पाहून सांगितलं होतं, "पोरी, तू रविवारी जाशील." या सात वर्षांत तिला साधी शिंक आली नव्हती. उतारवयात ती शन्याच्या पाटीवर अक्षरं शिकली. आता तिसरीचं पुस्तक ओळीखाली बोट धरून वाचत होती आणि निम्म्यावर आली होती.

"आक्का, तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील बघ," भिवा म्हणे.

"पोचवीन की. आधी चौथीचं पुस्तक आण."

भिवाच्या बायकोला, पार्वताला, शनिवारी दिवेलागणीला कळा सुरू झाल्या आणि सोमवारी सकाळी मूल कुशीत होतं. मधे काही नव्हतं. मुलगा होता. तो रडायला तोंड उघडी, पण आवाज होत नसे.

पुढच्या सोमवारी शेजारची हौसा दारात आली.

"पारू, काल तुमच्या एरंडात पोर रडत होतं गं. मी म्हटलं, मांजर असेल."

बाकीची पोरं आपापल्या वारी वाढली होती. सोमा सोमवारीच उंच होई, शुक्रीला दात आले ते शुक्रवारीच. याला वाढायला वार नव्हता. त्याच्या अंगातून खालच्या गोधडीचे टाके दिसू लागले.

"आक्का," भिवा तिच्याकडे न बघता म्हणाला, "विलास ठेवू या. चांगलं नाव आहे."

त्यांनी करून पाहिलं. पार्वताने पोरांना हाक मारली, "विलासला बघा रे जरा." सहाही जण पाळण्यात वाकले.

"कोण विलास?" शुक्री म्हणाली आणि वाळलेले कपडे आणून तिने पाळण्यात टाकले. पार्वताने ते एकेक करून उचलले. शेवटच्या परकराखाली मूल होतं.

"वन्सं, मी काही म्हणत नाही," पार्वता म्हणाली.

"म्हणूच नकोस. म्हटलंस तर मला राग येईल."

भिवा म्हणाला, "दुसरं कुठलंही ठेव. पुढे बदलू."

"कासार ना तू? सहा बांगड्या काचेच्या भरल्यावर सातवी लोखंडाची भरतोस का कुणाला?"

"नाही."

"का?"

"काच राहत नाही."

"मग झालं."

त्या आठवड्यात धुरपदाने चुलीला हात लावला नाही. ती नुसती वाचत बसली. शनिवारी दुपारी बायका बारशाला जमल्या तेव्हा बारा पानं उरली होती. तिने पानाचा कोपरा दुमडला आणि पाळण्यापाशी आली.

ती बराच वेळ वाकून राहिली. मग तिने मुलाच्या कानात कुर्र केलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.

"हळू गं सटव्यांनो, पाठ आहे, ढोल नव्हे," ती म्हणाली आणि तिने नाव सांगितलं. रवी.

मूल रडलं. घरात रडलं. गोधडीचे टाके दिसेनासे झाले. शन्या बसल्या जागी झोपला आणि दारातलं दुपारचं ऊन सकाळचं झालं. सोमा उठायला गेला, पण त्याची पाळी नव्हती. बाहेर बाजाराचा गलका होता, कोथिंबिरीचा वास होता. गल्लीत वऱ्हाड उभं होतं. नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या अजून ओल्या होत्या. पिपाणीवाल्याचे गाल फुगलेलेच होते.

"भिवा कासाराचं घर हेच ना?" नवऱ्या मुलाच्या बापाने विचारलं. "आत्ता इथे एरंड होता."

"हेच," धुरपदा म्हणाली. "या. चपला बाहेर काढा."

मग ती भावाकडे वळली. "बघतोस काय? पोरीला चुडा भर. मी पाणी आणते."

भिवाने पेटी उघडली. मंगळीने हात पुढे केला. धुरपदा तांब्या घेऊन आत गेली. जाता जाता तिने पुस्तकाचं दुमडलेलं पान सरळ केलं आणि पुस्तक शन्याच्या उशाशी ठेवलं. वऱ्हाड पाण्याची वाट पाहत बसलं.

भिवा मंगळीच्या हातात सातवी हिरवी बांगडी सरकवत होता तेव्हा धुरपदा वारली. वार रविवार, सकाळची वेळ.