कोणाचे ठोके

पिठाचे हात पदराला पुसत चतुराबाईनं फोन उचलला. पुण्याहून हरीओम होता.

"आई, बाबाचं काईच दिसून नाई राह्यलं. पट्टा काढला का त्याईनं?"

"मले काय मालूम? ते वावरात गेले."

"अन् फोन घरीच? कितीदा सांगतलं, फोन जवळ असला तरच त्याईचे ठोके मले इकडं दिसतेत."

चुलीतलं लाकूड मागं ओढून, भाकरी तशीच टाकून ती फोन घेऊन वावराकडे निघाली. अकोल्याला नवऱ्याच्या, जगदेवच्या हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. पोरानं बापाच्या मनगटाला पट्टा बांधला, फोनमध्ये ॲप टाकलं आणि नोकरीवर परत गेला. पट्टा चार्ज करायचा तिनं, सापडेना झाला तर शोधायचा तिनं, नवऱ्याच्या मागं फोन घेऊन पळायचंही तिनंच. बोलणी मात्र दोन्हीकडून.

हरभऱ्याच्या वावरात बाभळीखाली जगदेव बसला होता. तिच्या हातातला फोन पाहताच त्यानं मनगटावरचा पट्टा ओरबाडून काढला.

"बैलाच्या गळ्यात घाटी बांधावी तसं करून टाकलं मले. घे, तूच घाल. त्याले आकडे पायजेत ना? भेटतीन."

"मी काहून घालू?"

"घाल म्हनलं ना."

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं पट्टा बांधला, फोन कमरेला खोचला आणि आलीच आहोत म्हणून विळा घेऊन हरभरा सोंगायला बसली. मोठा भारा डोक्यावर घेऊन ती बाभळीजवळच्या धुऱ्यापर्यंत, बांधावर आली, तोच फोन पुन्हा वाजला. भारा खाली टाकून तिनं तो नवऱ्यापुढे धरला.

"आई, बाबाले लवकर झोपव! ठोके लई वाढले, मधातच एखादा चुकूनबी राह्यला. मी तालुक्याहून दवाखान्याची गाडी सांगतो."

"अबे, मीच बोलून राह्यलो. मले काय धाड भरली? पट्टा तर तुह्या मायच्या..."

जगदेव थांबला. चतुराबाई भाऱ्याला टेकून बसली होती. एक हात छातीवर दाबलेला, तोंड उघडं.

"काय होऊन राह्यलं तुले?"

"काई नाई. ओझं उचललं की होते असं. बसलं की जाते."

"कवापासून?"

"तुमाले दवाखान्यात नेलं, त्याच्याबी आधीपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

पट्टा सोडायला गेलेला तिचा हात जगदेवनं धरला.

"गाडी धाड," तो फोनमध्ये म्हणाला. "तुह्या मायसाठी."

हरीओम दुसऱ्या फोनवर कोणाशी तरी घाईघाईनं बोलत होता. मग त्याचा आवाज जवळ आला.

"बाबा, गाडीवाले इचारून राह्यले. आईचं वय किती?"

जगदेवनं सांगायला तोंड उघडलं, आणि आकडा काही आठवेना.

"तुले मालूम नाई?" त्यानं विचारलं.

"मालूम असतं तं तुमाले काहून इचारलं असतं, बाबा?"