डिक्कीवरचा पंजा

दोन वर्सांमागं दसऱ्याले गाडीची पूजा झाली, तवा आमच्या निशिगंधानं कुंकवात हात बुडवून डिक्कीवर पंजा उमटवला. "माय, पाह्य, गाडी टाटा करून राह्यली!" म्हणे. दिवाळीच्या आत तापानं पोरगी गेली. तवापासून आमचे हे तेवढी जागा सोडून गाडी धुतात अन् रोज संध्याकाळी तिच्यावर ताडपत्री झाकतात. पुसदातली सारी गल्ली हासते. हासू द्या.

गेल्या हप्त्यात पार्सलवाल्याचा टेम्पो उभ्या गाडीच्या तोंडावर येऊन धडकला. बोनेट चेपलं, लाईट फुटला. मी आधी मागं धावली. पंजा जिथल्या तिथं होता. मंग टेम्पोवाल्या अमरवर जे तोंड सोडलं म्या, बापा बापा! तो हात जोडून उभा.

"जाऊ दे वं," हे म्हणे. "चेपली त चेपली."

"काहून जाऊ दे? उभी गाडी ठोकली त्यानं!"

त्याच्या हापिसात गेली. साहेब मलेच म्हणे, "गाडी रस्त्यावर कायले ठेवता?" चोराच्या उलट्या बोंबा! म्या तिथंच बसकण मारली. "भरपाई घेतल्याबिगर उठत नाही." शेवटी कटकट नको म्हणून तो कबूल झाला, "दुरुस्तीचा खर्च आमची कंपनी देईल."

गॅरेजवाल्या फकिराले बजावलं, "समोरचं काम कर. डिक्कीले बोट लावशील त याद राख." बिचाऱ्यानं लावलंही नाही.

आज दुपारी गाडी घेऊन अमर आला. तोंडावर हासू मावत नव्हतं.

"काकू, माह्यापायी तुमाले तरास झाला. म्हून गॅरेजातून आणली अन् म्या सोता धुतली, शाम्पू लावून. मागं कुंकवाचा डाग होता. लय घासला, तवा निघाला."

साऱ्या जगाशी भांडणारी मी, पण याच्याशी कशी भांडू? त्यानं त भल्यासाठीच केलं होतं. डिक्कीवर हात फिरवत राह्यली. मेली नव्यासारखी चमकत होती.

"चहा घेऊन जा, बाबा," कसंबसं म्हटलं.

दिवस कलला. हे ताडपत्री घेऊन आले, डिक्कीपाशी थांबले. पंज्याची जागा पाह्यली.

"आता कायले झाकता जी?" मले रडू आवरेना.

"थंडी पडून राह्यली वं," ते म्हणाले, अन् चारही कोपरे ओढून घट्ट बांधले.