मान कापा, मूळ राहू द्या

मित्रांनो, मी सांतोरिनी बेटावरची एक जुनी द्राक्षवेल आहे. माझी जात असिर्तिको, पांढऱ्या द्राक्षांची. मांडवावर डौलाने चढलेल्या वेली तुम्ही पाहिल्या असतील. मी तशी नाही. ज्वालामुखीच्या राखेत मी जमिनीलगत बसते, गोल टोपलीसारखी. दर छाटणीला माझ्याच फांद्या माझ्याभोवती विणतात आणि माझे घड टोपलीच्या पोटात, वाऱ्यापासून लपून पिकतात. पाऊस नावालाच. समुद्रावरचं धुकं राख ओलावतं, तेवढ्यावर मी जगते. कीव करू नका, मला पुरतं.

सत्तर वर्षांत माझी टोपली जाडजूड झाली. एवढी वळणं घेऊन रस घडापर्यंत पोचेना. लागोपाठ तीन हंगाम मी मूठभर द्राक्षं दिली. तेव्हा मालकीण अनेझिनाबाईंचा मुलगा याकोवोस बोटीवरची नोकरी सोडून घरी आला आणि पहार घेऊनच मळ्यात शिरला.

"आई, ही म्हातारी उपटतो. पाहुण्यांसाठी दोन खोल्या होतील इथे."

"म्हातारी मीही आहे. मलाही उपटणार का?"

"तू निदान स्वयंपाक तरी करतेस!"

"मेल्या, तिची मान काप, मूळ राहू दे. दोन वर्षं थांब. नाही फुटली तर बांध तुझ्या खोल्या."

करवत चालली. माझी टोपली चुलीत गेली. लोक म्हणाले, संपली. पण माझी मुळं किती खोल आहेत, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? पहिलं वर्ष कोरडं गेलं. दुसऱ्या वसंतात मी राख फोडून कोंब वर काढला.

याकोवोस लहान पोरासारखा नाचला. पण जन्म गेला बोटीवर; उभं ते चांगलं, एवढंच त्याला माहीत. त्याने काठी रोवली आणि माझा कोंब त्या काठीला ताठ बांधला. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. कोंब मोडून पडला.

"शहाण्या, शीड उभारलंस होय?" अनेझिनाबाई कडाडल्या. "वाऱ्यावर तिला कुठे न्यायची होती?"

याकोवोस मान खाली घालून काठी उपटू लागला. मुदत संपत आली होती. मला त्याचा राग आला होता, पण त्याच्या चुकीपायी मी का मरावं? मी पुन्हा फुटले, आधीपेक्षा खालून.

या वेळी तो राखेत गुडघ्यांवर बसला. जाड बोटांनी त्याने कोवळी फांदी वळवली.

"अशी का गं, आई?"

"अजून खाली. हं, आता जमिनीशी टेकव."

खोल्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मित्रांनो, फळ थांबलं म्हणून कुणाला मेलेलं ठरवू नका. आणि सांभाळायला याल, तेव्हा आधी आमची रीत विचारा. मला ताठ उभं कराल तर मी मोडेन. पण पुन्हा फुटेन, आणि आडवीच वाढेन.