देवाच्या माशांची वाट

मार्गशीर्षातली केशरकांती सकाळ घोगरी नदीवर उतरली होती. जुन्या बंधाऱ्याने अडवलेला डोह नीलमण्यासारखा निश्चल होता. आणि त्या निश्चलतेच्या काठावर अनशीकाकू गुरवीण भयभीत उभी होती.

डोह देवाचा, म्हणून त्यातले खडशी मासेही देवाचे. इथे गळ नाही, जाळे नाही. काकूची सावली पाण्यावर पडावी, आणि ताम्रपुच्छ, सुवर्णखवले मासे कुरमुऱ्यांसाठी वर यावेत. माणूस म्हणजे अन्न, सावली म्हणजे माया. एवढेच त्यांना ठाऊक.

आता बंधारा निघणार होता. पावसाच्या तोंडाला अंडी घालायला उलट्या धारेने चढणारी माशांची वलगण त्याच्या भिंतीवर डोके आपटून मरते, म्हणून भिंत काढायला सरकारने निधी दिला होता. निधीचे नाव निघाले की गावाची बुद्धी पाण्यासारखी वागते: जिकडे उतार, तिकडे धाव. कालपर्यंत माशाला मसाल्याच्या हिशेबात धरणारी मंडळी आज त्याच्या वंशवेलीची चिंता वाहत होती.

"नशीबवान गो तुझी पोरं, काकू!" सरपंच सहदेव तांबे म्हणाला. "त्यांना सरकारनं रस्ता मंजूर केलान. आमच्या वाडीचा अजून कागदावरच वाहतोय."

"खालच्या वळणावर गावातलेच पाग घेऊन बसलेत रे मेले. माझी पोरं त्यांच्यापुढंही तोंड उघडतील."

"जाळं बघून पळतील की."

"पळायला आधी भ्यावं लागतं, सहदेवा. ते त्यांना कोणी शिकवलान?"

सरपंचाने पोकलेनवाल्याला हात केला.

पोकलेनचा पीतवर्ण बाहू उठला, पडला, उठला, पडला. दगड ढासळले. डोहाचे पाणी हळूच, गाभण गाईसारखे, खिंडाराकडे वळले.

काकूने धोंडा उचलला आणि भिरकावला.

धोंडा पडला तिथे डोह उमलला. शेकडो तोंडे, विश्वासाने उघडलेली.

 काठावरचा बांबू घेऊन ती गुडघाभर पाण्यात शिरली. मासे पावलांशी लगटले, घोट्यांना ओठ लावू लागले. "भ्या रे, मेल्यांनो! भ्या!" तिने पाणी झोडपले, ते खेळले. मग डोळे मिटून तिने सर्वांत थोरल्या, रुंदपाठी माशावर घाव घातला.

क्षणभर सारे थिजले. आणि डोह विजेसारखा फुटला! ताम्ररेखा, सुवर्णरेखा, भयरेखा. खिंडारातून सुटल्या, खडकांच्या कपारींत, खोल धारेत विरल्या.

बांबू हातातून गळाला. तिच्याजवळ एकच बोटभर पिल्लू उरले होते, गढूळ पाण्यात चुकलेले. न राहवून तिने ओंजळ पुढे केली.

ते दचकले, वळले, आणि काळ्याभोर प्रवाहात निघून गेले.