मंगलागौरीच्या गल्लीत न मावणारी गाडी

ज्याच्या दारात सायकल आडवी लावली तर समोरच्याला घराबाहेर पडता येत नाही, त्या माणसाने मोटार घेऊ नये, एवढी साधी गोष्ट. पण सदुसष्ट साली ती दिनानाथशास्त्री आठल्यांना सांगायची कोणी? माणूस पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवणारा. तुम्ही एक बोललात की तो तीन हरकती काढणार आणि तुम्हालाच गप्प करून घरी पाठवणार. काशीत मंगलागौरीच्या देवळामागे आठल्यांचं घर. गल्ली अशी की समोरून दूधवाला आला तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. आणि या महाशयांनी घेतली काय, तर लाल रंगाची, कापडी छपराची विलायती स्पोर्ट्स गाडी. वीस वर्षं जुनी. शिटा दोन.

गाडी जगतगंजातल्या एका कुंवरसाहेबांची. जमीनदारी गेली, हत्ती गेला, ही तेवढी राहिली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. शास्त्रीबुवा कुंवरसाहेबांच्या नातवाला संस्कृत शिकवायला जात, ते दोन वर्षं जाता-येता तिच्याकडे बघत होते. अक्षय्य तृतीयेला घेऊनच टाकली. चालवत आणली म्हणता? छे! पुढे दोन बैल जुंपून मैदागिनला ओढत आणली, आणि अंबिका मिस्त्रीच्या वर्कशॉपमागच्या छपरात उभी केली. त्याच्यापुढे रस्ता संपतो, गल्ल्या सुरू होतात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते शास्त्रीबुवांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी सांगतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत ते बायकोशेजारी बसून कुठे गेले नव्हते. सायकलरिक्षात कायम आई आणि शरदिनीबाई. शास्त्रीबुवा मागच्या रिक्षात, मांडीवर पिशवी घेऊन. नावेत आई मधे. पुढे मुलगी झाली, तीही मधे. आता मुलगी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, आई देवाघरी गेली, आणि घरात राहिली दोन माणसं. ज्या गाडीत तिसरं माणूस मावतच नाही अशी गाडी बघून हा नैयायिक विरघळला. शरदिनी शेजारी बसली पाहिजे, बस्स. एवढं एकच त्यांना हवं होतं.

आणि तेवढंच नेमकं बोंबललं.

झालं असं की शास्त्रीबुवांनी सकाळी निरोप पाठवला, 'गाडी घेतली आहे, घेऊन येतो.' आपल्यात नवं वाहन दारात आलं की घरची बाई त्याला ओवाळते, चाकावर पाणी घालते, हळदीकुंकू लावते. शरदिनीबाईंनी नवं लुगडं नेसून तबक तयार केलं, निरांजन लावलं आणि दारात उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं सायकल आणली असेल. एक तास गेला, दोन गेले. शेजारच्या विद्युल्लतावहिनी तीनदा डोकावून गेल्या. निरांजनातलं तूप संपलं. मग शास्त्रीबुवा आले, पायी, हातात अर्धा नारळ.

"गाडी कुठाय?"

"मैदागिनला. इथे येत नाही ती."

"आणि हा नारळ?"

"अंबिका मिस्त्रीने फोडला. मुहूर्त टळत होता ना! स्वस्तिकही त्यानेच काढलं." शास्त्रीबुवा कौतुकाने म्हणाले, "ग्रीसच्या बोटाने काढलं, पण छान काढलंय."

शरदिनीबाईंनी तबक आत नेलं. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, आवाज मात्र सरळ. "घरच्या बाईच्या आधी मिस्त्री ओवाळतो, त्या गाडीत मी बसणार नाही. दारात आणा, ओवाळते, मग बसते. आणि रस्त्यावर तबक घेऊन मी येणार नाही, आधीच सांगून ठेवते."

हरकत काढायला जागाच नव्हती.

शास्त्रीबुवांना वाटलं, चार दिवसांत राग जाईल, तोवर गाडी तरी चालती करू. ही दुसरी चूक. त्या गाडीचं एकेक दुखणं असं होतं की वैद्याने हात टेकावेत. सेल्फ लागत नसे. लागला तर प्लग ओले. प्लग पुसले तर पेट्रोल चढत नसे. सुटे भाग काशीत मिळत नसत. कलकत्त्याला पत्र घालायचं आणि महिनाभराने भलताच भाग यायचा. अंबिका मिस्त्री तो घासूनपुसून तिथेच बसवायचा आणि म्हणायचा, "पंडितजी, अब ये यहीं की हो गई." शास्त्रीबुवा रोज संध्याकाळी धोतराचा काचा मारून गाडीखाली आडवे होत. जेवताना विषय एकच. क्लच असा दाबायचा, गिअर असा टाकायचा, पाय हळू सोडायचा. शरदिनीबाई ऐकत आणि वाढत. आमटीला पेट्रोलचा वास येतोय एवढंच म्हणत.

श्रावणात तर कहर झाला. गाडी एकदाची चालायला लागली होती. बुवा टाउन हॉलच्या मैदानाला एकटेच चकरा मारत, शेजारची शीट रिकामी. पण पंधरा मिनिटांत इंजिन तापायचं आणि पुढून वाफेचा लोट. अंबिकाने रेडिएटर सोडवला, उलटा केला, तर आतून पसाभर चिखल पडला.

"पंडितजी, पानी कहाँ का डालते हैं?"

"गंगाजीचं. दुसरं कुठलं?" शास्त्रीबुवा सात्त्विकपणे म्हणाले. रोज पहाटे स्नान झालं की पंचगंगा घाटावरून ते एक कळशी भरून मैदागिनला नेत होते. बायको नाही तर नाही, निदान गंगेने तरी गाडी शुद्ध करावी! आणि श्रावणातली गंगा म्हणजे निम्मी माती.

अंबिकाने कपाळाला हात लावला, तर कपाळावर काळा पंजा उमटला. "गंगा मैया सर पर, पंडितजी. रेडिएटर में नल का पानी."

रेडिएटर धुऊन झाला, दसरा गेला, दिवाळी आली, शीट रिकामीच. तेव्हा शास्त्रीबुवांच्या डोक्यात शास्त्र शिरलं. एका रात्री जेवता जेवता ते थांबले. "अगं, पूजेत आपण गणपती म्हणून सुपारी मांडतो की नाही? गणपती काही स्वतः येऊन बसत नाही."

"मग?"

"मग गाडीच्या ऐवजी गाडीचं चाक आणलं तर? मागे बांधलेली स्टेपनी आहे. ते चाक म्हणजेच गाडी असं मानायचं. दारात येईल. तू ओवाळ."

शरदिनीबाईंनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. त्यांनाही, खरं सांगायचं तर, रुसव्याचा कंटाळा आला होता. "आणा," त्या म्हणाल्या. "मंगळवारी आणा. दिवस चांगला आहे."

मंगळवारी शास्त्रीबुवा मैदागिनहून निघाले. हमाल करावा की नाही? नाही! आपल्या गाडीची स्वारी आपणच न्यायची. चाक पुढे घरंगळवत, वर हाताने तोल सांभाळत, "बचके, बचके" करत ते गल्लीगल्लीतून आले. लोक बाजूला होत होते. कोणी विचारलं, "ई का हौ, शास्त्रीजी?" तर उत्तर तयार, "गाडी!" सगळं झकास चाललं होतं. घर चाळीस पावलांवर राहिलं आणि मंगलागौरीचं देऊळ आलं.

चाळीस वर्षांची सवय. देवीसमोरून जाताना शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

दोन्ही हात.

चाक काय देवीला नमस्कार करायला थांबतं? ते पंचगंगेच्या पायऱ्यांकडे वळलं आणि निघालं. शास्त्रीबुवा "अरे, धरा! पकडो!" म्हणून मागे धावले. पहिल्या टप्प्यावर ते फुलवाल्याच्या टोपल्यांवरून उडालं. दुसऱ्या टप्प्यावर एका पंड्याच्या छत्रीखालून गेलं. पंडा यजमानाला संकल्प सांगत होता, तो यजमानासकट आडवा झाला. आणि मग शेवटच्या पायरीवरून एक उंच उडी, धप्प! चाक गंगेत. बुडलंही नाही. हवा भरलेलं, ते आपलं डुलत डुलत राजघाटाच्या दिशेने चाललं.

सगळा घाट उभा राहिला. घाटावरच्या विष्णु नावाड्याने होडी सोडली, चाक गाठलं आणि परत आणलं. पण पंड्याला आता चेव आला होता. गंगेत पडलेली वस्तू गंगेची; परत कशी नेता? शास्त्रीबुवा धापा टाकत, एक चप्पल हातात, तिथल्या तिथे वादाला उभे राहिले. संकल्पाशिवाय दान होत नाही! माझा संकल्प कुठे होता? पाऊण तास वाद चालला, शास्त्रीबुवा जिंकले, टाळ्या पडल्या. आणि मग त्यांना आठवलं की दारात कोणीतरी उभं आहे.

चिखलाचं चाक खांद्यावर घेऊन ते पोचले तेव्हा दार लोटलेलं होतं. निरांजन उंबऱ्यावर होतं, विझलेलं.

"दोनदा उभी राहिले मी," शरदिनीबाई आतून म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा नाही."

त्या दिवशी शास्त्रीबुवा हरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कबीरचौऱ्याच्या एका डॉक्टरांशी गाडीचं बोलणं पक्कं केलं. शनिवारी दुपारी तीनला पोचवायची. शनिवारी दुपारी पानावर बसून ते तसं बोलले आणि भात नुसताच चिवडत बसले.

"विकायचीच होती तर घेतली कशाला?" शरदिनीबाईंनी विचारलं.

एरवी त्यांनी तीन कारणं दिली असती. आज एकच दिलं. "दोनच शिटा होत्या म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे तू आणि मी. मधे कोणी नाही. चोवीस वर्षांत तुझ्याशेजारी बसलो नाही मी, शरदिनी. फार वाटायचं. आई होती तोवर बोलता येत नव्हतं, आणि आई गेल्यावर बोलायचं कसं तेच कळेना. म्हणून गाडी घेतली. आणि पहिल्याच दिवशी तुला सोडून मिस्त्रीकडून नारळ फोडून घेतला. गाढव आहे मी. चुकलं माझं."

शरदिनीबाईंचा वाढता हात तसाच राहिला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, ते रडू होतं की हसू ते शास्त्रीबुवांना कळलं नाही. "हे मे महिन्यात सांगितलं असतंत तर जीभ झडली असती?" त्या म्हणाल्या. "उठा. हात धुवा. मी येते गाडी बघायला. बसणार नाही हं! बोलले ते बोलले. नुसतं बघणार."

मैदागिनला आले तर वर्कशॉपवर कोणी नाही. अंबिका जेवायला गेलेला. छपरात लाल गाडी उभी. शरदिनीबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, आरशावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "दिसायला बरी आहे हो." शास्त्रीबुवा लगबगीने आत बसले. त्यांनी सेल्फ मारला. खुर्र. पुन्हा मारला. तेही नाही. बॅटरी उतरलेली. तीन वाजायला आले होते.

"धक्का मारला तर होईल," ते म्हणाले. "पण मी धक्का मारणार, मग स्टीअरिंग कोण धरणार?"

दोघांनी इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर ओळखीचं कोणी नव्हतं.

"धरते मी," शरदिनीबाई म्हणाल्या. "पण हे बसणं नव्हे. नुसतं धरायचं."

"अर्थात," शास्त्रीबुवा घाईने म्हणाले. "याला कोणी बसणं म्हणणार नाही."

पदर खोचून त्या स्टीअरिंगमागे बसल्या, म्हणजे धरायला. दोघांनी मिळून गाडी टाउन हॉलच्या मैदानावर आणली. "आता क्लच दाब..." शास्त्रीबुवा सांगायला लागले.

"क्लच दाबायचा, दुसरा गिअर, वेग आला की पाय हळू सोडायचा. सहा महिने जेवताना दुसरं काही ऐकलंय का मी? ढकला!"

शास्त्रीबुवांनी ढकललं. धोतर सावरत, दात-ओठ खात, पन्नाशीच्या माणसाने सगळा जीव लावून ढकललं. गाडीने एक हिसका दिला, धुराचा एक लोट त्यांच्या तोंडावर सोडला, आणि ती सुरू झाली. त्यांच्या हातातून निघाली आणि सरळ गेली!

"शरदिनी!" शास्त्रीबुवा ओरडले. गाडी गेली खड्ड्यात, शरदिनीला काही होता कामा नये! "ब्रेक! अगं, ब्रेक दाब!"

शरदिनीबाईंनी मैदानाला एक चक्कर मारली. बकऱ्या पळाल्या, क्रिकेट खेळणारी पोरं झाडावर चढली. जेवून आलेला अंबिका मिस्त्री तोंडातलं पान चघळायचं विसरून कडेला उभा. दुसऱ्या चकरेला गाडी शास्त्रीबुवांपाशी आली. बाईंचा अंबाडा सुटला होता, चेहरा लालबुंद झाला होता, आणि त्या खदाखदा हसत होत्या. लग्नात सुद्धा शास्त्रीबुवांनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"थांब!" ते शेजारून धावत ओरडले.

"थांबवली तर पुन्हा चालू व्हायची नाही! चढा!"

"चालत्या गाडीत?"

"मग काय ओवाळू तुम्हाला? चढा म्हणते ना!"

न्यायशास्त्राचे पंडित दिनानाथशास्त्री आठल्ये यांनी बुटक्या दारावरून एक टांग टाकली, धोतर हँडलला अडकलं, टर्रकन फाटलं, एक चप्पल मैदानात राहिली, आणि ते डोक्यावर पडले ते थेट डावीकडच्या शिटेवर. सरळ होऊन बसायला त्यांना मैदानाचं फाटक ओलांडेपर्यंत वेळ लागला. मग त्यांनी बघितलं. शेजारी शरदिनी होती. खांद्याला खांदा लागत होता. मधे काही नव्हतं, एक गिअरची दांडी सोडली तर. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते वाऱ्याने आलं असं दाखवलं.

कबीरचौऱ्याचं वळण आलं. 'इथे वळव' असं म्हणायला हवं होतं. शास्त्रीबुवा समोर बघत राहिले.

"डॉक्टरांचं वळण मागे गेलं वाटतं," थोड्या वेळाने शरदिनीबाई म्हणाल्या.

"गेलं."

"आधी सांगायचं होतंत."

"हो," शास्त्रीबुवा म्हणाले आणि आणखी जरासे त्यांच्याकडे सरकून बसले.