धार माझी गेली नव्हती

मित्रांनो, मी कापड कापायची एक जुनी, जड कात्री आहे. लोहाराच्या ऐरणीवरून उतरले ती थेट एका शिंप्याच्या हाती आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. किती कोट, किती गणवेश आम्ही दोघांनी एका दमात कापले! गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, कात्री आहे की लोण्यातली सुरी?" मास्तर मिशीत हसायचे. दुकानाचा एकच कडक नियम होता. माझ्या पात्यांनी कागद कापायचा नाही, कारण कागदाने धार मरते.

एके दिवशी मी कापडात अडले. मास्तरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी शिलाई मारणाऱ्या सुनेकडे.

"सूनबाई, हिच्यानं कागद कापलास ना?"

"नाही हो बाबा. मी हात तरी लावते का तिला?"

"मग भुतानं कापला असेल!"

धारवाल्याने मला पाहिलं आणि धार शाबूत असल्याचं सांगितलं. मास्तरांना वाटलं, यालाही सुनेने फितवलं! त्या दिवसापासून मी कुलपात गेले.

इकडे सुनेच्या मनातही पाल चुकचुकत होती. मास्तरांची जीभ जड झाली होती, पाय अडखळत होते. दारूचा वास येतो का म्हणून ती गुपचूप त्यांचा पेला हुंगून पाही. मला मात्र खरं ठाऊक होतं: माझी धार नव्हे, मास्तरांचा हातच दुबळा झाला होता. त्यांच्या अंगठ्याजवळचं मांस ओसरलं होतं, कातडीखाली स्नायू फडफडत होते. पण कात्रीला विचारतो कोण?

शेवटी डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्यांनंतर सांगितलं, "हालचालीचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा हळूहळू निकामी होत आहेत. आजार बरा होणार नाही, पण काळजी घेतली तर त्रास पुष्कळ कमी होईल. आणि यांची समज शाबूत आहे, हे विसरू नका."

दोघंही खजील झाली. संशय मात्र गोचिडासारखा चिकट! पुढे मास्तरांचं बोलणं थांबलं. पातळ पाण्याने ठसका लागतो म्हणून दवाखान्याने पाणी दाट करायची पूड दिली. सून ती न सांगता पाण्यात मिसळू लागली. मास्तरांनी ते पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. दिवसभर थेंबही घेईनात.

मग सून पेला घेऊन समोर बसली. "चुकलं माझं, बाबा. सांगून मिसळायला हवं होतं. आधी मीच पिते." तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! खळच प्याल्यासारखं वाटतंय!"

मास्तरांना हसू फुटलं. मग त्यांनी ओठ उघडले.

आता ते डोळ्यांनी बोलतात. नजर वर म्हणजे हो, पापण्या मिटल्या म्हणजे नाही. परवा सुनेने मला बाहेर काढलं. मास्तरांना सदरा घालणं सोपं व्हावं म्हणून तिला तो पुढून उघडायचा होता.

"इथून कापू, बाबा?"

पापण्या मिटल्या.

"जरा डावीकडे?"

पुन्हा मिटल्या. ती घाई न करता थांबली, मला बोटभर सरकवलं. नजर वर गेली, आणि मी चर्रकन चालले.

मित्रांनो, अशा माणसाचं अंग दुबळं होतं, मन नाही. त्याच्या देखत त्याच्याविषयी कुजबुजू नका. काहीही करण्याआधी त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

"जमलं का, बाबा?" सुनेने विचारलं.

मास्तर त्या कापाकडे बराच वेळ बारीक डोळ्यांनी पाहत राहिले. शिंप्याची खोड ती, सहज थोडीच जाते! मग त्यांनी नजर वर नेली.